जेवण फुटबॉलमध्ये मोडतं का?

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी तिसऱ्या वर्षाचे सार्वजनिक वित्ताचे पेपर तपासत बसले होते. "ताई, तुला तीन दिवस सुट्टी मिळेल का? एका इंग्लंडच्या बाईंना सुरगाण्याला न्यायचंय. माझं इंग्रजी कसं आहे ते तुला माहितीये."

मिलिंद माझ्या धाकट्या भावाचा मित्र, आमच्याच कॉलनीतला, विहाराच्या पलीकडच्या गल्लीत राहणारा. त्याचे वडील देवळाली कॅम्पात नोकरीला होते, त्यामुळे तो लहानपणी जवानांचा फुटबॉल बघत वाढला. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाला आणि सुरगाणा तालुक्यातल्या कोटंबमाळ नावाच्या पाड्यावर लागला. तिथे त्याने मुलींना फुटबॉल शिकवायला सुरुवात केली. सुट्टीला घरी आला की सायबर कॅफेत बसून त्या मुलींचे फोटो कुठे कुठे पाठवायचा. इंग्लंडमधल्या एका बड्या क्लबच्या धर्मादाय ट्रस्टकडूनही त्याने उत्तराची फारशी आशा धरली नव्हती. उत्तर आलं, आणि पाठोपाठ हेलनबाईच आल्या.

मी लगेच हो म्हटलं, त्याला माझं स्वतःचं कारण होतं. पंधरा वर्षं मी कॉलेजात अंदाजपत्रकं शिकवते आहे. वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर एखादा खेळाडू केवढ्याला विकला गेला ते छापून येतं. ते कात्रण मी वर्गात नेते आणि आपल्या जिल्ह्याच्या खर्चाशेजारी फळ्यावर लिहिते. कुणी हसतं, मागच्या बाकावरून शिट्टी येते, घंटा होते आणि विषय तिथेच राहतो. एवढा पैसा एका खेळाकडे जातो कसा आणि शाळेकडे, नळाकडे का जात नाही, हे कुणा आतल्या माणसाला विचारावं असं फार दिवस मनात होतं.

तर फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही नाशिकहून निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते, एसटी आहे, पण पाड्यांवर जायचं तर स्वतःची गाडी हवी. आम्ही सातपूरच्या शिंदेभाऊंची सुमो ठरवली होती, दिवसाचे बाराशे, डिझेल वेगळं. हेलन पन्नाशीच्या, बुटक्या, करड्या केसांच्या. दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेल्या, त्यामुळे चालताना जरा झुकत. तरुणपणी त्या गोलकीपर होत्या. बायकांच्या फुटबॉलला तेव्हा पैसा नव्हताच, म्हणाल्या, म्हणून दिवसा पोस्टात काम करायचं आणि संध्याकाळी सराव. आता ट्रस्टमध्ये मुलांच्या कार्यक्रमांचं काम बघतात. सामानात एक छोटी पिशवी कपड्यांची आणि एक मोठी, हवा काढलेल्या चेंडूंची.

दिंडोरीला मिसळ खायला थांबायचं ठरलं होतं. (स्टँडजवळच्या कुठल्याही गर्दीच्या हॉटेलात जा. पाव जास्तीचे मागून घ्या.) मिलिंद आम्हाला तिथेच भेटणार होता. तो आला, पण चेहरा पडलेला.

"ताई, गोलकीपर गेली."

"कुठे गेली?"

"इथेच, दिंडोरीत. द्राक्षाच्या कामाला. आईबापांबरोबर."

सुरगाणा-पेठच्या डोंगरातली माणसं भात-नागली काढून झाली की चार महिने इकडे बागांमध्ये कामाला येतात, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. नाशिकच्या आसपास त्यांच्या झोपड्या दिसतात आणि आपण पुढे जातो. मिलिंदने मला त्यातली मेख सांगितली. हंगामात आईबाप बाहेर गेले तरी मुलांनी शाळा सोडू नये म्हणून गावातच त्यांच्या जेवणाची आणि राहण्याची सोय सरकारी पैशातून होते. पण ती आठवीपर्यंतच. नववीतल्या मुलीला मागे ठेवायचं तर तिला जेवायला कोण घालणार? मिलिंदची गोलकीपर काशी नववीत गेली होती. आश्रमशाळेत जागा मिळाली नव्हती. मग ती आईबापांबरोबर निघून आली.

मी हे सगळं हेलनना सांगितलं. त्यांनी मिसळीची वाटी पुढे सारली आणि विचारलं, "ती बाग इथून किती लांब आहे?"

वीसेक मिनिटांवर होती. रस्त्याच्या कडेला काळ्या प्लास्टिकच्या झोपड्या, दोरीवर वाळणारे कपडे आणि आत मांडवाखाली माणसं वाकून घड खुडत होती. काशी आम्हाला दिसायच्या आधीच तिने मिलिंदला पाहिलं होतं. सडपातळ, उंच पोर, हातात कात्री. ती जागची हलली नाही. तिची आई सोमीबाई पुढे आली.

"सर, पोर न्यायला आलात ना?" तिने सरळच विचारलं.

"दोन दिवसांसाठी, सोमीबाई. उद्या सामना आहे. या बाई लांबून आल्यात बघायला."

"जोडीनं काम घेतलंय आमी. ती गेली तर जोडी मोडंल."

तेवढ्यात मुकादम आला. मोटरसायकलवरून न उतरताच म्हणाला, "न्यायची तर न्या. पण बदली माणूस द्या."

हेलननी काय चाललंय ते विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांचा हात पाकिटाकडे गेला. मिलिंदने घाईघाईने मला म्हटलं, "ताई, त्यांना सांग, नको. आज पैसे दिले की पुढच्या प्रत्येक सामन्याला हा माझ्याकडे मागेल. मी कुठून आणू?" मी सांगितलं. हेलननी पाकीट परत ठेवलं, पण त्यांना ते कठीण गेलं हे दिसत होतं.

मग सोमीबाई लेकीकडे वळली आणि त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. मला एवढंच कळलं, तुला जायचंय का?  काशीने कात्री क्रेटमध्ये ठेवली, बादलीपाशी जाऊन हात कोपरापर्यंत धुतले आणि ओढणीला पुसत उभी राहिली. सोमीबाईला उत्तर मिळालं. ती तडक शेजारच्या बागेत गेली आणि आपल्या जावेला घेऊन आली. मुकादमाला म्हणाली, "ही घ्या बदली." आणि मिलिंदला, "परवा अंधार पडायच्या आत पोर इथं पाह्यजे."

गाडीत बसल्यावर हेलननी मागे वळून बागेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे खेळाडू एका क्लबातून दुसऱ्या क्लबात जायला महिने लागतात. वकील, दलाल, डॉक्टर. मी तसं बरंच पाहिलंय. पण एखाद्या खेळाडूच्या आईला मधे येऊन बदली माणूस आणताना कधी पाहिलं नाही."

वणीपर्यंत रस्ता चांगला आहे. डिझेल वणीलाच भरून घ्या. पुढे बोरगावकडे चढण लागते, खड्डे लागतात आणि मोबाइलची रेंज जाते. काशी मागच्या सीटवर झोपली होती. मी माझा फळ्यावरचा प्रश्न काढला. तुमच्या क्लबकडे इतका पैसा आहे म्हणजे नेमका किती?

हेलननी नेमका आकडा सांगितला नाही, त्यांना माहीतही नसावा. पण त्यांच्या पुढच्या फळीतल्या एका खेळाडूचा आठवड्याचा पगार त्यांच्या शहरात सगळ्यांना पाठ असतो, तो सांगितला. पौंड तेव्हा ऐंशी रुपयांच्या घरात होता. मी मनात गुणाकार केला, मग मिलिंदला विचारलं की कोटंबमाळच्या ग्रामपंचायतीचा वर्षाचा सगळा जमाखर्च साधारण केवढा. त्याने अंदाज सांगितला. त्या खेळाडूचं एका आठवड्याचं खेळणं म्हणजे त्या पंचायतीची कित्येक वर्षं होती. दिवाबत्ती, गटारं, विहिरीचा गाळ, शिपायाचा पगार, सगळं धरून. शिंदेभाऊंनी आरशातून मागे पाहिलं. "आठवड्याचा म्हणताय का वर्षाचा?"

"आठवड्याचा."

"मग सुट्टी घेतली की पगार कापतात का?"

हेलनना मी हे सांगितलं तेव्हा त्या मोठ्याने हसल्या. मग त्यांनी जे सांगितलं त्याची मला कल्पना नव्हती. त्यांच्या स्टेडियमला लागूनच पालिकेचा पोहण्याचा तलाव होता. त्या स्वतः तिथे पोहायला शिकल्या होत्या. पालिकेला परवडेना म्हणून तो बंद झाला. कुलूप लावलेल्या त्या दारासमोरून दर शनिवारी हजारो माणसं तिकिटं घेऊन सामन्याला जातात. "मीही जाते," त्या म्हणाल्या.

म्हणजे हे फक्त आपल्याकडचं नव्हतं. श्रीमंत देशातही क्लब वेगळा आणि पालिका वेगळी, आणि दोघांच्या मधे एकच भिंत. माझा प्रश्न आणखी मोठा झाला होता.

बोरगावच्या फाट्यावर स्ट्रॉबेरीच्या टोपल्या घेऊन बायका बसतात. घ्याच. सुरगाण्यात मुक्काम सरकारी विश्रामगृहात. आधी अर्ज करून ठेवा, नाहीतर ऐनवेळी कुणी साहेब येतात. खोली साधी, पाणी बादलीतून, पण नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी अशी की हेलननी भाकरी कशी थापतात ते बघायला चुलीपाशी मुक्काम ठोकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोटंबमाळ. मैदान म्हणजे भाताचं रिकामं खाचर, बांध मोडून सपाट केलेलं. बांबूचे गोल. पायाला टोचणारी धसकटं मुलींनी आदल्या दिवशी विळ्याने कापून काढली होती. समोरचा संघ शेजारच्या मोठ्या गावातल्या शाळेचा, त्यांच्या पायात बूट होते. आपल्या मुली अनवाणी. गावात तरणी माणसं थोडीच उरलेली, म्हातारी आणि लहान पोरं बांधावर बसलेली.

हेलन आधी वही-पेन घेऊन खुर्चीवर बसल्या होत्या. आमच्यावर पहिला गोल झाला तेव्हा उठल्या. दुसरा झाला तेव्हा काशीच्या गोलामागे जाऊन उभ्या राहिल्या. मी दुभाषी म्हणून धावत गेले, पण माझी गरज लागली नाही. त्या हाताने दाखवत होत्या, पुढे हो, कोन लहान कर, हात असे. काशी मान न वळवता ऐकत होती. शेवटी शेवटी एक पोरगी एकटीच चेंडू घेऊन तिच्यावर चालून आली. काशी गोल सोडून पुढे धावली आणि त्या खरखरीत जमिनीवर आडवी झेपावली. चेंडू तिच्या छातीपाशी अडकला. उठली तेव्हा कोपर सोलवटलेलं होतं आणि ती हसत होती. आदल्या दिवसापासून मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. सामना आम्ही हरलो, एकाविरुद्ध दोन.

जेवणानंतर शाळेच्या ओट्यावर सभा भरली. सरपंच यमुनाबाई, चाळिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. हेलननी उभं राहून सांगितलं की त्यांचा ट्रस्ट इथे चांगलं मैदान करून देऊ शकेल. हिरवळ, कुंपण, लोखंडी गोल. मी ते मराठीत सांगितलं. 

मग यमुनाबाईंनी विचारलं, "बाई, त्या किलबाला येवढा पैसा देतं कोण?"

"लोक देतात. तिकीट काढून, टीव्हीवर बघून, त्यांचे सदरे विकत घेऊन."

"सरकार नाय?"

"नाही. लोक स्वतःहून."

"आन हरले तर?"

हेलन म्हणाल्या, "माझे वडील बस चालवायचे. आमचं छप्पर गळायचं. पण वर्षाचं तिकीट त्यांनी कधी चुकवलं नाही. संघ हरला की पुढच्या वेळी आणखी लवकर जायचे."

यमुनाबाई हसल्या. "आमी पाणीपट्टी मागायला गेलो का माणूस मागल्या दारानं पसार व्हतो." सगळा ओटा हसला. मीही. पंधरा वर्षांत मला ही गोष्ट वर्गात इतकी सोपी करून सांगता आली नव्हती. कर कुणी हौसेने भरत नाही, तिकीट मात्र लोक हौसेने काढतात. आणि नळ चालू राहिला तर त्याच्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही.

मग यमुनाबाई मुद्द्यावर आल्या. "मैदान हाय आमच्याकडं. भात काढला का मैदान. पोरीच राह्यत नाय गावात. काशी बघा, उद्या परत चालली. तिच्यामागं आणखी चार-पाच जातील पुढल्या साली. त्यांच्या खाण्याची सोय व्हईल का?"

हेलननी मान खाली घातली. माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "मला फक्त फुटबॉलवर खर्च करता येतो. मैदान, बूट, दिवे, शिक्षक. मागे एका ठिकाणी मी हातपंप मागितला होता. ट्रस्टच्या समितीने विचारलं, यात फुटबॉल कुठे आहे?"

मी हे लोकांना सांगितलं आणि आपल्या सरकारी खात्यांतही असंच असतं, आठवीपर्यंतचे पैसे नववीला चालत नाहीत, असं जोडलं. यमुनाबाईंनी डोळे मोठे केले. "म्हंजी यांच्यातबी हेड असतंय?" हेड, म्हणजे सरकारी खर्चाचा ठरलेला कप्पा, हा शब्द ओट्यावर सगळ्यांना ठाऊक होता. पंचायतीत जाऊन आलेल्या प्रत्येकाने तो ऐकलेला. एवढा श्रीमंत क्लब, आणि त्याचेही पैसे कप्प्यांत बंद. म्हाताऱ्यांना याची फार मौज वाटली.

हेलन मात्र हसल्या नाहीत. त्या काशीकडे बघत होत्या. त्यांनी मला विचारायला सांगितलं की सकाळी सामन्याआधी तू काय खाल्लंस.

"च्या," काशी म्हणाली. मग जरा थांबून, "भाकर व्हती, पण ती बागेवरच्या लहान्या भैणीसाठी बांधून ठेवली. उद्या न्यायची म्हणून."

हेलन उठल्या आणि ओट्यावर येरझाऱ्या घालायला लागल्या. "आमच्या क्लबची मुलांची अकॅडमी आहे," त्या म्हणाल्या. "दहा-बारा वर्षांची पोरं. दुपारचं जेवण तिथेच. आहारतज्ज्ञ आहे, आचारी आहे. त्याचा खर्च कशात लिहितात ठाऊक आहे? फुटबॉलमध्ये. खेळाडू उपाशी खेळू शकत नाही, म्हणून. मग ही काय वेगळी आहे?"

मी ते मराठीत सांगताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण बांधावर खेळणारी पोरंसुद्धा वळून बघायला लागली. मिलिंदने विचारलं, "ताई, खरंच मंजूर होईल?" हेलन म्हणाल्या, "माहीत नाही. पण मैदानापेक्षा हे पुष्कळ स्वस्त आहे. नाही म्हणायचं तर त्यांना आधी आपल्या अकॅडमीचं जेवण बंद करावं लागेल."

तिसऱ्या दिवशी परतीचा रस्ता. दिंडोरीला बागेपाशी पोचलो तेव्हा ऊन अजून होतं. काशी गाडीतून उतरली. हेलननी आपले जुने गोलकीपरचे हातमोजे तिला दिले. तिने ते घातले नाहीत, कमरेच्या ओढणीत खोचले आणि मांडवाखाली गेली. दोन मिनिटांत ती कुठल्या ओळीत आहे ते आम्हाला ओळखू येईना. हेलनना आगगाडीत बसवायला आम्ही नाशिकरोडला गेलो. डब्यात चढताना माझा हात धरून म्हणाल्या, "ती परत खेळेल का, हे मला कळवत राहा."

या सहलीचा खर्च माणशी अडीच हजारांच्या आत बसला. जायचं तर फेब्रुवारीतच जा. पावसाळ्यात डोंगर सुंदर असतो असं सगळे सांगतात, पण फेब्रुवारीत गावात कोण नाही ते दिसतं.

घरी आल्यावर मी पुन्हा तेच कात्रण वर्गात नेलं. पण या वेळी आकडे शेजारी लिहून थांबले नाही. मुलांना विचारलं, तुम्ही शेवटचं तिकीट कशाचं काढलंत आणि शेवटचा कर कशाचा भरलात? वाद झाला, घंटा झाली तरी कुणी उठेना. एका मुलीने विचारलं, "मॅडम, क्लबचा मालक उद्या बदलला तर त्या पोरींचं जेवण?"  पंचायतीचा पैसा थोडा आणि उशिरा येतो, पण पंचायत कुणी विकत घेऊन बंद करत नाही. क्लबचा पैसा भरपूर आणि झटपट, पण तो कुणाच्या तरी मर्जीतला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि काशीला मात्र रोज जेवायचं आहे.

समितीने पंधरा मुलींचं जेवण मंजूर केलं, एका हंगामापुरतं. मैदान नामंजूर. यमुनाबाईंनी पंचायतीतर्फे स्वयंपाकाला खोली आणि सरपण द्यायचा ठराव करून घेतला. दिवाळीनंतर माणसं बागांकडे निघाली, आणि काशी निघाली नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मिलिंदचा फोन आला, रेंजसाठी तो टेकडीवर चढला होता. "ताई, गोंधळ झालाय. पंगतीला पंधराच्या जागी तीसच्या वर पोरी बसल्यात. मी विचारलं, तुम्ही कोण? तर सगळ्या म्हणतात, आम्ही फुटबॉल खेळतो. यांतल्या निम्म्यांनी चेंडूला कधी पाय लावला नाही! आता हेलनबाईंना काय कळवू?"

"तू काय केलंस?"

"काय करणार? भात वाढला. उद्या पुरणार नाही."

मी त्याच दिवशी हेलनना सगळं जसंच्या तसं लिहिलं. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. वाढीव तांदळाचं त्या समितीशी बोलणार होत्या, तोवरचा खर्च स्वतः करणार होत्या. खाली लिहिलं होतं, "आमच्या मोठ्या संघातही निम्मे खेळाडू बाकावरच बसतात आणि त्यांनाही जेवण असतं. या सगळ्या मुलींची नावं राखीव खेळाडू म्हणून लिहा. फक्त एक अट. प्रत्येकीने रोज सरावाला यायचं."

मिलिंद सांगतो, त्या रोज येतात. खाचरात आता दोन्ही बाजूंचे गोल कमी पडतात, म्हणून बांबूचा तिसरा गोल उभा केलाय.